पाठमोरं मंडळ

"देवाकडं पाठ करायची न्हाई. मग मागं फोटोवाला येऊ दे, न्हाईतर मंत्री येऊ दे. कस्तुरानं मला सांगितलं, मी तुला सांगते. ध्यानात ठेव."

विजयश्री लग्न होऊन चिंचवडच्या कामगार कॉलनीत आली, तेव्हा पहिल्याच गुरुवारी दत्ताच्या देवळात कुसुमताईंनी तिला हे बजावलं होतं. विजयश्रीनं ध्यानात ठेवलं. औदुंबराला पाणी घातल्याशिवाय चहा घ्यायचा नाही हा नेम जसा तिनं सासरी येताना सोबत आणला होता, तसा हा दुसरा नेम कॉलनीनं दिला म्हणून घेतला. नेमाला कारण विचारायचं नसतं, असं तिचं साधं मत. कस्तुरा कोण, एवढं मात्र तिनं विचारलं होतं. "जिनं हे मंडळ काढलं ती," एवढंच उत्तर मिळालं. कस्तुरा तिच्या आधीच कधीची गेली होती.

आता मंडळाला पन्नास वर्षं होणार होती. दत्तजयंतीला मोठा कार्यक्रम, देवळाच्या सभामंडपात जुन्या फोटोंचं प्रदर्शन, असं श्रावणातच ठरलं. घराघरांतून फोटो मागवले. अल्बम आले, पाकिटं आली, गादीखालून काढलेले दुमडलेले फोटो आले. एका दुपारी सतरंजीवर सगळे मांडले आणि बायका भोवती बसल्या. मग एकीला हसू फुटलं आणि ते सतरंजीभर पसरलं.

पन्नास वर्षांच्या फोटोंत एकाही बाईचं तोंड नव्हतं.

दत्तमहाराज होते. तीन मुखं, सहा हात, मागे गाय, पुढे कुत्री, सगळं लख्ख. आणि त्यांच्यासमोर ओळीनं पाठी. आंबाडे, वेण्या, गजरे, पदर, ब्लाउजच्या नाड्या. देऊळ चिंचोळं. डाव्या बाजूला भिंत, उजव्या बाजूला पेटी-मृदंगवाले पुरुष. देवाच्या आणि भजनाच्या मध्ये उभं राहण्याची कुणाची छाती नव्हती. फोटोवाल्याला जागा एकच, बायकांच्या मागे दाराशी. आणि "जरा इकडं बघा" म्हणायची सोय कुसुमताईंनी कधी ठेवलीच नाही. मोबाइल आल्यावर नव्या सुनांनी देवासोबत सेल्फी काढायचा घाट घातला, तेव्हा ताईंनी मोबाइल हातात घेऊन निरखला होता आणि विचारलं होतं, "ह्यात देव कुठं हाय?" "मागे आहे, आजी." "मागं हाय, म्हंजे तुमची पाठ कुणाकडं हाय?" तो विषय तिथंच संपला.

"आता प्रदर्शनाला नाव काय द्यायचं, ताई?" एकीनं विचारलं. "मंडळाची पाठराखण?"

"थट्टा करू नगंस. आण इकडं चष्मा." ब्याऐंशीच्या कुसुमताई सरसावून बसल्या. चिंचवडच्या जुन्या शेतकरी घरातल्या त्या. कॉलनी त्यांच्याच शेताच्या बांधाला लागून झाली आणि पाहुण्या म्हणून आलेल्या शेजारणी बघता बघता मैत्रिणी झाल्या. त्यांनी एकेक फोटो उचलला आणि बोट ठेवत गेल्या. "ही शकुंतला. मान बघा, कायम डावीकडं. नवऱ्याचं ऐकून ऐकून." "ही भिमाबाई. पदर किती ताणलाय, ब्लाउज फाटलेला असणार." "आन् ही रुंद पाठ माझी. हसू नका, बाळंतपणानंतरची हाय."

बायका हसून लोळायला आल्या असताना दारात टेम्पोतून डबे उतरवणारी बाई आत आली. मंडळाच्या बैठकीला दुपारचं जेवण मोशीच्या ज्या मेसमधून मागवलं होतं, तिची ही मालकीण. चाकणच्या कंपन्यांत जाणाऱ्या पोरांना ती दोन वेळचे डबे पुरवायची. हातात डब्यांची चळत तशीच धरून ती सतरंजीकडे बघत राहिली.

"बसा की," विजयश्री म्हणाली.

"बसत न्हाई. डबे पोचवायला पोरगं बी येत होतं, पण मीच आले. इचारायचं होतं." तिनं डबे खाली ठेवले. "माझी माय ह्या मंडळात होती म्हणतात. कस्तुरा. मी इंद्रायणी."

हसणं बसल्या जागी थांबलं. कुसुमताईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिच्या चेहऱ्याच्या मागचं काहीतरी शोधत होत्या. मग त्यांनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"दोन वर्षांची व्हतीस. तुझ्या बापानं तुला खांद्यावर टाकलं आन् गावाकडं अंबाजोगाईला घेऊन गेला. कावीळ झाली बघ कस्तुराला. आमी काही करू शकलो न्हाई."

"मला काही म्हणायचं न्हाई हो. फोटो असंल तर बघायचा होता. आमच्याकडं एक बी न्हाई. लग्नात बी काढला नव्हता म्हणं."

कुसुमताईंनी न शोधता एक फोटो उचलला. पुढच्या ओळीत मधोमध एक बारीक अंगाची बाई, पाठ ताठ, मोठा आंबाडा, त्यात अबोलीचा वळेसर. "ही."

इंद्रायणीनं तो दोन्ही हातांत घेतला. खूप वेळ पाहिला. मग स्वतःच्या आंबाड्याला हात लावून बघितला आणि हसली. "केस मायचेच आलेत की मला." फोटो परत देताना म्हणाली, "सवाष्ण गेली ना ती, अविधवा नवमी असते तिची. भाऊ न्हाई, मीच करते. एक सवाष्ण जेवू घालते, ओटी भरते. समोर फोटो नसतो, म्हणून सुपारी मांडते. लेकरं इचारतात, आजी दिसायला कशी होती? मी म्हणते, सुपारीसारखी."

ती पुन्हा हसली, पण ह्या वेळी तिच्याबरोबर कुणी हसलं नाही.

विजयश्री कधी पटकन शब्द देत नसे. दिलेला शब्द आणि धरलेलं व्रत यांत तिच्या लेखी फरक नव्हता आणि व्रत मोडायचं नसतं. म्हणूनच तिच्या तोंडून जे गेलं ते ऐकून तिची तीच चकित झाली. "ह्या नवमीच्या आत तुझ्या आईचा चेहरा तुला आणून देईन."

इंद्रायणी गेल्यावर कुसुमताई म्हणाल्या, "विजू, कुठनं आणणार गं? जे हाय ते हे समोर हाय."

"बघते," विजयश्री म्हणाली. घरी जाऊन तिनं देवासमोर निरांजन लावलं आणि कॅलेंडरवर नवमीपर्यंतचे दिवस मोजले.

दुसऱ्या दिवसापासून ती फिरायला लागली. ज्या कंपनीच्या कामगारांची ही कॉलनी, त्या कंपनीत कामगारांसाठी निघणाऱ्या मासिकाच्या जुन्या अंकांचे गठ्ठे जपून ठेवले होते. तिथल्या साहेबांनी चहा पाजून दाखवले. दत्तजयंतीचा एक फोटो सापडला. त्यात मॅनेजर नारळ फोडत होते आणि कडेला कुणाचं तरी कोपर होतं. विजयश्रीनं कोपराला नमस्कार केला आणि उठली. गावातल्या ज्योतीराम फोटो स्टुडिओत गेली. ज्योतीराम म्हणजे कॉलनीचे ठरलेले फोटोवाले. ते वारले होते. दुकानात त्यांचा मुलगा निरंजन पासपोर्ट फोटो, झेरॉक्स आणि आधारची कामं करत होता.

"काकू, वडिलांच्या सगळ्या निगेटिव्ह आकुर्डीच्या कॉलेजला दिल्या. तिथं कामगार वस्त्यांच्या जुन्या वस्तूंचा संग्रह करतायत. दिव्या मॅडम म्हणून आहेत, त्यांना भेटा. दोन रिक्षा भरून खोकी गेली इथून. ती हलल्यावर दुकानात पहिल्यांदा पंख्याचा वारा लागला, आणि माझ्या लक्षात आलं की इथं भिंत आहे."

संग्रहाच्या खोलीपाशी विजयश्रीनं चपला काढल्या. आतून एक चाळिशीची बाई हसत आली. "मावशी, चपला चालतात."

"असू दे. लोकांची पूर्वज मंडळी आहेत आत."

दिव्या मॅडमना हे फार आवडलं. त्यांनी विजयश्रीला मोज्यांसारखे पांढरे हातमोजे दिले, पेन काढून घेतलं आणि पेन्सिल दिली. शाईचा थेंब जुन्या वस्तूवर पडला तर जात नाही म्हणून. 'दत्त मंदिर, भजन' लिहिलेलं खोकं आलं. उजेडाच्या काचेवर एकेक पट्टी ठेवून पाहायची. विजयश्री दुपारभर पाहत राहिली. काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं, पण पाठ ती पाठच. दुसऱ्या दिवशीही आली. तिसऱ्या दिवशी दिव्या मॅडमनी खुर्ची ओढली.

"मावशी, मला एक सांगा. ह्या बायका कुणावर रुसल्या होत्या का?"

विजयश्रीनं सगळं सांगितलं. कस्तुराचा दंडक, चिंचोळं देऊळ, सुपारी. दिव्या मॅडम हसल्या आणि मग हसता हसता गंभीर झाल्या.

"आमच्या कामात एक सवय लावून घेतो आम्ही. माणूस सापडत नसेल तर माणसाला शोधायचं नाही. त्याच्याकडे कोण बघत होतं ते शोधायचं. कस्तुराबाई देवाकडे बघत होत्या. मग त्यांचं तोंड कुणाला दिसत असेल?"

"देवाला."

"आणि देवाच्या मागे जो उभा असेल त्याला. तिथं कोण उभं राहतं?"

"कुणी नाही. मागे भिंत आहे." विजयश्रीनं हातमोजे काढून मांडीवर ठेवले. देवळात भिंत. पण देव वर्षातून एकदा देवळाबाहेर पडतो. दत्तजयंतीला फुलांनी सजवलेल्या ट्रकवर मूर्ती ठेवतात, तोंड मागे करून, कारण भजनी बायका ट्रकच्या मागून चालतात आणि देवाचं मुख त्यांच्याकडे हवं. मूर्तीच्या मागे ड्रायव्हरची केबिन. केबिनच्या टपावर नेहमी कुणी ना कुणी चढलेलं असतं, वायर वर करायला, पताका सोडवायला.

"मिरवणुकीचं खोकं आहे का?" तिनं विचारलं.

होतं. पण त्यात सगळे फोटो रस्त्यावरून घेतलेले होते, देव समोरून. बायका त्यातही पाठमोऱ्या.

ती तशीच निरंजनच्या दुकानात गेली. "तुझे वडील मिरवणुकीत ट्रकच्या टपावर चढायचे का रे?"

"चढायचे की. आई ओरडायची. एकदा टपावरून पडून पाय मुरगळला होता. पण काकू, तिथनं देवाची पाठ यायची. दत्ताची पाठ आणि गायीची शेपटी. असा फोटो कोण विकत घेणार? ते सगळे रद्द."

"रद्द म्हणजे टाकून दिले?"

निरंजनला हा प्रश्नच विचित्र वाटला. "टाकणार कसे? देव होता ना त्यात. देवाचा फोटो कचऱ्यात टाकतो का आपण? वडील ते बाजूला ठेवायचे, विसर्जन करायला. आळंदीला गेलो की इंद्रायणीत सोडू म्हणायचे. कधी सोडले नाहीत. चहाचा पत्र्याचा डबा होता, देवघराच्या खालच्या कप्प्यात. कॉलेजला नाही दिला, कारण ते काही फोटोचं सामान नव्हतं, निर्माल्य होतं."

"तो डबा आहे?"

निरंजननं फोन लावला. पलीकडून त्याची बायको मंजुषा काय बोलत होती ते विजयश्रीला सगळं ऐकू येत होतं. "तो डबा? गणपती विसर्जनाला मीच काढला की. वर्षानुवर्षं देवघराखाली गंजत पडलेला. निर्माल्याच्या पिशवीत घालून घाटावर दिला."

विजयश्री दुकानातल्या स्टुलावर बसली. तिला कुणावर राग आला नाही. मंजुषानं जे केलं ते तिनंही केलं असतं. तिनं डोळे मिटले, आणि मनात दत्ताला एवढंच म्हणाली की माझा शब्द मी दिला होता, तुला विचारून दिला नव्हता, हे खरं आहे.

"मग?" निरंजन फोनमध्ये विचारत होता.

"मग काय? परत दिला त्यांनी. घाटावरच्या त्या स्वयंसेवक मुली. म्हणाल्या, ताई, फिल्म म्हणजे प्लास्टिक, प्लास्टिक घेत नाही, निर्माल्याचं खत होतं. चार लोकांत लाज आणली मला. घरी आणून गॅलरीत ठेवलाय, तुळशीच्या मागे. तुमचा तुम्ही बघा."

निरंजननं फोन ठेवला तेव्हा विजयश्री उठून उभी होती. "रिक्षा कर," ती म्हणाली.

तुळशीमागचा डबा गंजला होता, पण झाकण घट्ट होतं. आतल्या पट्ट्या लाल कापडात गुंडाळलेल्या होत्या. संग्रहाच्या खोलीत दिव्या मॅडमनी तो उघडला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव आला, तो विजयश्रीनं गाभाऱ्यात पडदा बाजूला होताना लोकांच्या चेहऱ्यावर पाहिला होता.

कुसुमताईंना दुसऱ्या दिवशी रिक्षातून आणलं. त्यांनीही दारात चपला काढल्या. पडद्यावर एकेक पट्टी मोठी होऊन येऊ लागली. प्रत्येकीत पुढे तीच पाठ. संगमरवरी खांदे, तीन मुकुटांच्या मागच्या बाजू, गायीचं ढुंगण. आणि त्याच्या पलीकडे, खाली, रस्ताभर, तोंडं. वर केलेली, उन्हानं डोळे बारीक केलेली, गाणारी, जांभया देणारी. अख्खं मंडळ.

कुसुमताईंनी चष्मा नीट बसवला. मग त्यांचं बोट हवेत फिरायला लागलं. "भिमा. अगं भिमा, दात बघ हिचे. ही शकुंतला, मान हितंबी डावीकडंच. ही कोण गं ठुमकी?" त्या पुढे वाकल्या. "मी. मी हाय ही. बघा, कंबर होती मला, कुणी इस्वास ठेवत न्हाई."

"आणि कस्तुरा?" विजयश्रीनं विचारलं.

बोट थांबलं. पहिल्या ओळीत, मधोमध. बारीक अंगाची बाई, हातात टाळ. कपाळाला आठ्या, तोंड उघडं, डोळे वटारलेले. गाणं कमी आणि रागावणं जास्त.

"ही काय. हीच." कुसुमताईंचे डोळे भरले आणि त्या हसू लागल्या. "कोंडीरामाला वटारतीय. ट्रकवर देवाच्या पायाशी बसून मृदंग वाजवायचा तो. भर मिरवणुकीत ठेका चुकायचा आन् ही अशी बघायची. त्या दिवशी त्यानं पुढचा अभंग मुक्यानंच वाजवला असंल."

दिव्या मॅडमही हसल्या. मग म्हणाल्या, "मावशी, ह्यातला फक्त चेहरा कापून वेगळा करता येईल. मुलीला द्यायचा तर तसा बरा दिसेल. आजकाल कॉम्प्युटरवर तोंड मिटवून हसरंही करून देतात, पण ते मी करणार नाही."

"तोंड मिटवायचं नाही," विजयश्री लगेच म्हणाली. कापायच्या गोष्टीवर मात्र ती अडली. इंद्रायणी हा फोटो घरात लावणार, समोर ताट ठेवणार. देवाची पाठ असलेला फोटो घरात लावायला द्यावा का? ज्योतीरामांनी जन्मभर जे कुणाला दिलं नाही, ते आपण द्यावं? आणि कापावा, तर त्या बाईनं ज्याच्यापासून कधी नजर हलवली नाही तोच देव कापून टाकायचा. तिनं कुसुमताईंकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय बघतीस? कस्तुरा असती तर तिला इचारलं असतं." ताई पडद्याकडे बघत राहिल्या. "हे बघ. त्याची पाठ आपल्याकडं हाय, कारण त्याचं तोंड तिच्याकडं हाय. तो आपल्याला भेटाया बसलेला न्हाईच. तिच्या पोरीला दिसू दे की, देव आपल्या आईकडं बघत व्हता."

फोटो अख्खाच छापायचा ठरला. कुसुमताईंनी सगळ्या बायकांची नावं, माहेर, सासर सांगितलं. दिव्या मॅडमनी पेन्सिलनं लिहून घेतलं, आणि ज्योतीरामांच्या नावानं ह्या पट्ट्यांचं वेगळं खोकं झालं. निरंजन डब्याच्या बाबतीत घुटमळत होता. वडिलांच्या मनात विसर्जन होतं, ते राहिलं तर दोष लागेल का, असं त्यानं विजयश्रीला बाजूला घेऊन विचारलं.

"घाटावर एकदा नेला होतास ना?"

"मंजुषानं नेला होता."

"मग परत पाठवला कुणी?"

निरंजनला ते पटलं. तो डबा तेवढा परत घेऊन गेला, चहासाठी नाही, आठवण म्हणून.

नवमीच्या आदल्या दिवशी सकाळी विजयश्रीनं औदुंबराला पाणी घातलं, घरी येऊन चहा घेतला. चौकटीत बसवलेला फोटो तिनं हिरव्या खणात गुंडाळला आणि वर एक जुना टॉवेल बांधला. मंडळात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर दहाजणी निघाल्या असत्या, टाळ घेऊन, आणि इंद्रायणीला त्या गर्दीत आईकडे नीट बघता आलं नसतं. तिनं ठरवलं होतं की फोटो हातात द्यायचा आणि तिथं उभं राहायचं नाही. मेसच्या स्वयंपाकघरात शिरायचं. दुपारचे डबे भरायचे असतील, चपात्या लाटायला दोन हात उपयोगी पडतील. बोलावलं तर जायचं.

कुसुमताई ओट्यावर निवडण घेऊन बसल्या होत्या. तिच्या काखेतलं बोचकं त्यांनी पाहिलं. "कुठं गं एवढ्या सकाळी?"

"येते जाऊन."

ताईंनी पुढे काही विचारलं नाही. मेथीची जुडी सोडत म्हणाल्या, "पदर घे नीट, वारा हाय."

विजयश्रीनं पदर खोचला आणि स्टॉपकडे निघाली. मोशीची बस आली तेव्हा गर्दी होती, पण एका शिफ्टला चाललेल्या मुलीनं सरकून जागा दिली. कंडक्टर जवळ आला. तिनं बोचकं मांडीवर घट्ट धरलं आणि हळू आवाजात म्हणाली, "मोशी, एक."